गवताचा फराळ

खाऊ घालण्याच्या बाबतीत पद्माकर बेहेऱ्यांना कुणी काही शिकवायला जाऊ नये, असं खुद्द पद्माकररावांचं ठाम मत होतं. पुण्यात असताना घरच्या प्रत्येक कार्यात आग्रह करायचं काम त्यांच्याकडे असे. त्यांनी वाढायला घेतलं की 'पुरे, पुरे' म्हणणारा माणूस चार जिलब्या जास्तीच्या खायचा आणि दोन दिवस घरी झोपून राहायचा! सिंगापूरला येऊन पाया लेबारच्या ऑफिसात मॅनेजर झाले, केस पिकले, तरी ही खोड काही गेली नव्हती.

त्यामुळे वरच्या मजल्यावरची प्रणिता दिवाळीसाठी नाशिकला जायला निघाली आणि "काका, माझी दोन्ही चिंचिला तुमच्याकडे ठेवू का?" असं तिनं विचारलं, तेव्हा पद्माकररावांनी छाती पुढे काढली.

"अगं, विचारतेस काय! परत येशील तेव्हा ओळखायची नाहीत, अशी गुटगुटीत करून ठेवतो बघ!"

"गुटगुटीत नको हो काका," प्रणिता घाबरून म्हणाली. "आहेत तशीच हवीत मला."

प्रणिता नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात डॉक्टर. एकटी राहणारी, दिवसरात्र ड्यूटी करणारी मुलगी. घरी आल्यावर तिची वाट बघणारे असे या जगात दोघंच होते, सुंठ आणि मिरी. चिंचिला हा प्राणी ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगायचं तर उंदराचं तोंड, सशाचं अंग आणि खारीची शेपटी घेऊन देवानं कापसाचा गोळा केला आणि वर दोन मण्यांसारखे डोळे बसवले. सुंठ भुरा, मिरी काळी. दोघांना उकाडा अजिबात सोसत नाही. म्हणजे सिंगापुरात जन्म काढायला अगदी योग्य प्राणी!

प्रणितानं जाताना बजावून सांगितलं. खोलीतला एसी बंद करायचा नाही. पिंजरा मागच्या बाजूनं चादरीनं झाकलेला ठेवायचा. आणि खाणं म्हणजे गवत. लांब मोकळं गवत दिवसरात्र समोर हवं, कारण त्यांचे दात जन्मभर वाढत असतात, आणि ते झिजायला सतत चावावं लागतं. गवत दाबून केलेले चौकोनी ठोकळे कुरतडायला. गवताच्याच बारीक गोळ्या, रोज चमचाभर. आपल्या स्वयंपाकघरातलं काहीही नाही. शेंगदाणा नाही, बेदाणा नाही, खोबऱ्याचा तुकडासुद्धा नाही.

"आणि काका, एक लक्षात ठेवा," ती पिंजऱ्याच्या गजांवरून हात फिरवत म्हणाली. "यांनी खाणं थांबवलं तर उद्यापर्यंत बघू असं म्हणू नका. यांची आतडी बंद पडतात. मग काही करता येत नाही. गेल्या वर्षी यांची आई अशीच गेली. मी ड्यूटीवर होते."

तिचा आवाज जरासा कापला. पद्माकररावांनी छातीवर हात ठेवला. "तू निश्चिंत जा," ते म्हणाले, "माझा शब्द आहे तुला."

पहिले काही दिवस मोठ्या मजेत गेले. पाहुण्यांची खोली थंडगार. पद्माकरराव स्वेटर घालून आणि कानटोपी चढवून आत जायचे, गवत भरायचे आणि खुर्चीवर बसून दोघांचं कुरुमकुरुम ऐकायचे. सुंठ गवताची काडी दोन हातांत धरून बासरी वाजवल्यासारखी खायचा. पद्माकररावांना त्याचा लळाच लागला.

"अहो, जेवायला या!" अरुणाताई बाहेरून ओरडायच्या.

"थांब गं, सुंठचं व्हायचंय अजून!"

लक्ष्मीपूजन आलं. अरुणाताईंनी दरवर्षीप्रमाणे पुण्याहून मागवलेली नवी केरसुणी चौरंगाजवळ ठेवली, तिला भरपूर हळदकुंकू वाहिलं, आरती झाली. तेवढ्यात खालून शेजाऱ्यांचा फोन आला, "वर येतोय!"

"अहो, ती केरसुणी उचला आधी!" अरुणाताईंनी फर्मावलं. केरसुणी म्हणजे घरातली लक्ष्मी, ती पाहुण्यांच्या नजरेला पडू द्यायची नाही, असं त्यांच्या आईनं सांगितलेलं. "आणि आडवी ठेवा हं! उभी ठेवायची नसते!"

"बरं, बरं!" म्हणत पद्माकररावांनी ती उचलली, दिसेल त्या दारातून आत घुसले, दिसेल त्या आडोशाला ती खुपसली आणि चिवड्याच्या डब्याकडे धावले. कुठं खुपसली, हे ते पुढच्याच क्षणाला विसरले.

दुसऱ्या दिवशी पाडवा. सकाळी आंघोळ उरकून पद्माकरराव कानटोपी घालून खोलीत गेले, आणि जागच्या जागी थांबले. गवत काल संध्याकाळी भरलं होतं तसंच होतं. ठोकळ्यावर दाताची खूण नाही. वाटीतल्या गोळ्या जशाच्या तशा.

"जाई! ए जाई! यांनी काही खाल्लं नाही गं!"

त्यांची चौदा वर्षांची, सिंगापुरी पोरांसारखं 'लाह' जोडत बोलणारी मुलगी जाई डोळे चोळत आली. "बाबा, चिल लाह. दे आर स्लीपिंग. दिवसा झोपतात ना ते."

"अगं पण रात्रभराचं गवत तसंच आहे!"

पद्माकररावांना आधी प्रणिताचं बजावणं आठवलं. पण त्यांनी विचार केला, प्राणी झाला तरी जीव आहे. घरात सगळे चकल्या-करंज्या खातात, आणि यांच्यापुढे रोज तेच ते गवत! कंटाळणार नाहीत तर काय? स्वयंपाकघरातलं काही द्यायचं नाही, कबूल. पण गवताचंच वेगवेगळं रूप करून द्यायला कोण नाही म्हणतंय?

आणि पद्माकररावांनी गवताचा फराळ करायला घेतला! दाबलेले ठोकळे अडकित्त्यानं कातरून त्यांची शंकरपाळी केली. गोळ्या खलबत्त्यात कुटल्या, पाण्याचा हबका मारला आणि थापून त्याच्या हिरव्या वड्या पाडल्या. मोकळं गवत पिळून त्याच्या चकल्या वळल्या. उरलेल्या गोळ्या शेवेसारख्या मधे पसरल्या. ताटली अशी देखणी दिसत होती की त्यांच्या स्वतःच्याच तोंडाला पाणी सुटलं.

तेवढ्यात बेल वाजली. श्रीनिवास सर! पद्माकररावांचे साहेब. बायको-मुलं हैदराबादला, हा माणूस इथं एकटा, म्हणून पाडव्याच्या फराळाला बोलावलेला. डॉक्टरांनी त्यांचं तेल-तूप-साखर बंद केलं होतं, तेव्हा अरुणाताईंनी फोनवरच सांगून ठेवलं होतं, "सर, तुमच्यासाठी वेगळा पथ्याचा फराळ केलाय हो!"

"जाई, ही ताटली आत नेऊन ठेव गं!" म्हणत ती सोफ्यापुढच्या टेबलावर ठेवून पद्माकरराव दार उघडायला पळाले.

"ओके लाह, बाबा," जाई म्हणाली. डोळे मोबाइलमधून न उचलता म्हणाली, हे नंतर कळलं.

सरांना सोफ्यावर बसवलं, अरुणाताईंनी चहा दिला, पद्माकरराव कानटोपी उतरवून, कपडे बदलून आले, आणि नेमका प्रणिताचा व्हिडिओ कॉल आला. पद्माकरराव फोन घेऊन स्वयंपाकघरात शिरले. जाता जाता त्यांचं लक्ष मोरीत गेलं. ताटली! रिकामी! पुसल्यासारखी स्वच्छ!

त्यांच्या छातीवरचा धोंडा उतरला.

"काका, कशी आहेत माझी बाळं? खातायत ना?"

"खातायत? अगं, आज गवताचा फराळ केला मी त्यांना! वड्या काय, शंकरपाळी काय! ताटली चाटूनपुसून साफ! तू उगाच काळजी करतेस."

प्रणिताच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं की पद्माकररावांना स्वतःचा अभिमान वाटला.

थोड्या वेळानं श्रीनिवास सर निघाले. बूट घालता घालता म्हणाले, "वहिनी, तुम्ही फारच कष्ट घेतलेत हं! पथ्याचा फराळ असावा तर असा. वड्या जरा कोरड्या होत्या, शंकरपाळी दाताला लागली, पण चहात बुडवल्यावर गेली. ताटात टाकायचं नाही, ही आईची शिकवण. सगळं संपवलं! फक्त त्या चकल्या शोभेच्या वाटल्या, म्हणून ठेवल्या."

"हो, त्या मी कचऱ्यात टाकल्या," अरुणाताई गोंधळून म्हणाल्या. "पण सर, तुमचे नाचणीचे लाडू तर ओट्यावर झाकून…"

त्यांनी पद्माकररावांकडे पाहिलं. पद्माकररावांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. लिफ्टचं दार बंद होता होता सरांनी पोटावरून हात फिरवला आणि म्हणाले, "काय फायबर होतं!"

"जाई!" पद्माकरराव ओरडले.

जाई आली, टेबलाकडे पाहिलं, मोरीकडे पाहिलं, आणि मोबाइल खाली ठेवला. "बाबा, आय फर्गॉट. मी नेलीच नाही आत."

म्हणजे सुंठ-मिरीनं कालपासून एक काडीसुद्धा तोंडात घातली नव्हती! आणि त्यांनी प्रणिताला काय सांगितलं? चाटूनपुसून साफ! साहेबांचं पोट गेलं खड्ड्यात, पद्माकरराव कानटोपीशिवायच खोलीत धावले.

मिरी कोपऱ्यात अंग फुगवून बसली होती. सुंठ फळीवर निपचित. पद्माकररावांनी पिंजऱ्याचं दार उघडलं, मोकळं गवत त्याच्या तोंडाशी धरलं. "खा रे बाळा. एवढी एक काडी. माझ्यासाठी." सुंठनं तोंड फिरवलं. ठोकळा धरला, गोळ्या धरल्या, तळहातावर चुरा करून धरला. जन्मभर ज्या माणसाला कुणी 'पुरे' म्हणू शकलं नाही, त्याला त्या मूठभर जिवानं साफ नाही म्हटलं.

आणि तोंड फिरवताना सुंठच्या ओठांवर उजेड पडला. ओठ लाल! हनुवटीखालची लोकर लाल! पुढच्या पंज्यांवरही लाल!

"अरुणा! रक्त!"

पुढे काय झालं ते सांगायलासुद्धा धाप लागते. अरुणाताईंनी एका टोपलीत टॉवेल घालून दोघांना त्यात ठेवलं. जाई रडत रडत फोनवर प्राण्यांचा डॉक्टर शोधत होती. सुट्टीच्या दिवशी उघडा असलेला एक दवाखाना सापडला. टॅक्सी आली. पद्माकरराव टोपली मांडीवर घेऊन बसले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "एसी फुल, प्लीज! फुल!"

"अंकल, व्हाय सो कोल्ड?" ड्रायव्हर कुडकुडत म्हणाला.

"पेशंट इज फीलिंग हॉट!"

प्रत्येक सिग्नल लाल होता. पद्माकरराव टॉवेलवर हात ठेवून होते. बोटांखाली ते एवढंसं काळीज धडधडत होतं. गेल्या वर्षी यांची आई गेली तेव्हा प्रणिता ड्यूटीवर होती, आणि आज आपण घरात असून, स्वेटर घालून समोर बसून, आपल्याला कळलं नाही! त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते त्यांनी लपवलंही नाही.

"देवा गजानना," ते पुटपुटले, "याला जगव. पुन्हा कुणाला आग्रह करणार नाही. बढाई मारणार नाही. जेवताना तोंडसुद्धा उघडणार नाही!"

"मग जेवाल कसे?" अरुणाताई डोळे पुसत म्हणाल्या. इतक्या वर्षांच्या संसारात टोकायची सवयच लागलेली असते.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण चिनी मुलगी होती. तिनं सुंठला अलगद उचललं, पोट चाचपलं, स्टेथोस्कोप लावला. तिनं मिरीलाही तपासलं. मग टोपलीतला टॉवेल उलगडून बघितला. त्यात वाटाण्याएवढ्या लेंड्यांचा सडा पडला होता.

"लास्ट टाइम ईट व्हेन?" तिनं विचारलं.

"काल संध्याकाळी," पद्माकरराव म्हणाले, आणि मग तेच इंग्रजीत सांगताना त्यांचा आवाज फुटला.

डॉक्टर एक्स-रे काढून आली. फोटो दिव्यावर लावला. एवढंसं हाडांचं चित्र, आणि मधे भलंमोठं भरलेलं पोट.

"अंकल, युअर बॉय इज फुल," ती म्हणाली. "सो फुल! होल नाइट ईटिंग, धिस वन. गर्ल आल्सो."

"नो, नो! नॉट ईटिंग! ही इज ब्लीडिंग!"

तिनं ओल्या कापसानं सुंठचे ओठ पुसले. कापूस लाल झाला. आणि लालच्या कडेनं पिवळा. तिनं कापूस नाकाशी नेला, भुवया वर चढवल्या. मग बारीक दिवा घालून दात पाहिले आणि चिमट्यानं दाढेत अडकलेलं काहीतरी ओढून बाहेर काढलं. वाळलेल्या पानाचा एक लांब, तपकिरी, चिवट धागा.

"धिस नॉट युअर ग्रास, अंकल. व्हॉट यू गिव्ह?"

पद्माकरराव त्या धाग्याकडे बघत राहिले. अरुणाताईंनी कापूस हातात घेतला, वास घेतला. मग त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "अहो, काल केरसुणी कुठं ठेवलीत?"

पद्माकररावांच्या डोळ्यांपुढे सगळं उभं राहिलं. थंडगार खोली. पिंजऱ्यामागची चादर. त्या चादरीच्या आत, गजांना टेकून, घाईघाईनं खुपसलेली केरसुणी. उभी!

"आडवी ठेवा म्हणाले होते ना मी!" अरुणाताई कडाडल्या. "आडवी ठेवली असती तर पिंजऱ्याखाली गेली असती, यांच्या तोंडाला लागली असती का?"

डॉक्टर एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती. काहीतरी समजावून सांगणं भागच होतं.

"डॉक्टर," पद्माकररावांनी घसा साफ केला, "इट इज अ ब्रूम. ड्राय पाम लीव्ह्ज. बट… आल्सो गॉडेस."

डॉक्टरनं हातातला चिमटा खाली ठेवला.

"यू फीड देम गॉडेस?"

"नॉट पर्पजली!" पद्माकरराव कळवळून म्हणाले.

केरसुणीचं पान वाळकं होतं, चिवट होतं, दात झिजायला उत्तम होतं. रात्रभर ते चावून चावून दोघांची पोटं तट्ट भरली होती आणि दिवसा ती गाढ झोपली होती, एवढाच सगळा प्रकार. हळदकुंकवाचं लाल-पिवळं फारसं पोटात गेलेलं नव्हतं. दोन दिवस लक्ष ठेवा, भरपूर पाणी, नेहमीचं गवत, आणि रंग लावलेलं काही द्यायचं नाही, असं सांगून डॉक्टरनं सुंठला परत टोपलीत ठेवलं. सुंठनं मोठी जांभई दिली. पद्माकररावांनी सगळ्यांदेखत त्याच्या डोक्याचा पापा घेतला.

घरी येऊन चादर बाजूला केली. केरसुणीची मूठ आणि दोरी तेवढी शिल्लक होती. बाकी न्हाव्याकडून आल्यासारखी सगळी भादरलेली! खाली भुग्याचा ढीग. अरुणाताईंनी हात जोडले. पद्माकररावांनीही जोडले. रात्री सुंठ उठला, चादरीकडे जाऊन गज हुंगले, तिथं काही नाही असं बघून नाखुशीनं परत आला आणि नेहमीच्या गवताची एक काडी दोन हातांत धरून बासरी वाजवू लागला. पद्माकरराव ते कुरुमकुरुम ऐकत कितीतरी वेळ बसून राहिले.

भाऊबीजेला श्रीनिवास सरांचा फोन आला. पद्माकररावांनी घाबरतच उचलला.

"पद्माकर, त्या हिरव्या वड्या! अहो, कित्येक वर्षांत पोट इतकं हलकं वाटलं नव्हतं. वहिनींना विचारा ना, अजून मिळतील का?"

पद्माकररावांनी डोळे मिटून गजाननाला दिलेला शब्द आठवला. "सर," ते म्हणाले, "मी आग्रह करणार नाही."

प्रणिता परत आली ती सामान खोलीत टाकून थेट खालीच. सुंठ तिच्या खांद्यावर चढला, मिरी बाहीत शिरली. पद्माकररावांनी सगळं सांगून टाकलं. ताटली, साहेब, टॅक्सी, केरसुणी, एकही गोष्ट लपवली नाही. सांगताना मान वर केली नाही. प्रणितानं आधी डोळे पुसले, मग हसू आवरेना म्हणून ती सोफ्यावर बसली.

"काका, तुम्ही वाट न बघता दवाखान्यात धावलात," ती शेवटी म्हणाली. "मला तेवढंच हवं होतं."

मग दोघांना आत ठेवून ती चाकांचा पिंजरा ढकलत दाराकडे निघाली. अरुणाताई अचानक पुढे झाल्या आणि त्यांनी पिंजरा धरला.

"प्रणिता, अजून दोन दिवस राहू देत की गं!"

"काकू! इतका लळा लागला तुम्हाला?" प्रणिताचे डोळे पुन्हा भरून आले.

"लागला तर!" अरुणाताई म्हणाल्या. आणि प्रणिता पिंजरा घेऊन गेली, लिफ्टचं दार लागलं, तेव्हा त्या रिकाम्या खोलीकडे बघून पद्माकररावांवर खेकसल्या, "अडवलं का नाहीत तिला? आपली वर्षाची लक्ष्मी चालली की वरच्या मजल्यावर! निदान पचेपर्यंत तरी थांबवायची!"

पद्माकरराव केव्हाच उठले होते. ते कानटोपी शोधत होते. वरच्या मजल्यावर एसी जरा जास्तच असतो म्हणतात.